इंग्लंडमधलं जुनं कंट्री हाऊस नीट बघायचं असेल तर दिवस असा काढा

उन्हाळ्यात आई-बाबा किंवा सासू-सासरे इंग्लंडला आले की पहिले दोन-तीन आठवडे लंडन, बाथ, स्टोनहेंज यात जातात आणि मग एखाद्या शुक्रवारी रात्री प्रश्न पडतो की उद्या कुठे न्यायचं. तेव्हा कोणीतरी सुचवतं की जवळच एक कंट्री हाऊस आहे, बाग मस्त आहे, जाऊन या. आणि मग बहुतेक लोक काय करतात, तर दुपारी दोनला पोचतात, पंचवीस खोल्यांमधून रांगेत चालत जातात, सगळ्या खोल्या सारख्याच वाटायला लागतात, पाय दुखतात, बागेला वेळ उरत नाही, आणि गाडीत बसल्यावर बाबा म्हणतात, "छान होतं, पण एक बघितलं की सगळी बघितली." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी बसून लिहायलाच घेतलं, कारण तसं अजिबात नाहीये. घर बघायची रीत कळली की प्रत्येक घर वेगळं बोलायला लागतं.

सगळ्यात पहिली गोष्ट, एका दिवसात एकच घर. डर्बीशायरमध्ये चॅट्सवर्थ आणि केडलस्टन दोन्ही आहेत म्हणून एका दिवसात दोन्ही उरकायचा मोह होतो, मी स्वतः एकदा अशी दोन घरं एका दिवसात केली आहेत आणि आज त्यातल्या दुसऱ्या घरातलं मला फक्त पार्किंग आठवतं. बाबांचे गुडघे त्या दिवशी इतके सुजले की पुढचे चार दिवस ते कुठेही आले नाहीत. तर एकच घर, आणि सकाळी उघडायच्या वेळेला दारात.

कंट्री हाऊस म्हणजे शेतावरचं घर असं समजू नका. हा जमीनदाराचा, सरदाराचा वाडा, त्याच्याभोवती हजारो एकर जमीन, त्या जमिनीवर कुळं, आणि कुळांच्या खंडावर घराचा सगळा डोलारा. १९ व्या शतकाच्या शेवटी शेतीमालाचे भाव पडले, १८९४ मध्ये वारसाकर नव्याने बसला आणि तो वाढतच गेला, मग दोन महायुद्धं, मुलं युद्धात गेली, नोकरमाणसं परत आली नाहीत, आणि अशी शेकडो घरं २० व्या शतकात अक्षरशः पाडून टाकली गेली. चॅट्सवर्थचे दहावे ड्यूक १९५० मध्ये वारले, मालमत्ता आधीच ट्रस्टकडे दिलेली होती पण कायद्याप्रमाणे त्यानंतर पाच वर्षं जगायला हवं होतं आणि त्यात अगदी थोडे आठवडे कमी पडले, म्हणून ८० टक्के कर लागला आणि त्यापायी या घराण्याला हार्डविक हॉल हे दुसरं घर सरकारला देऊन टाकावं लागलं. हे आधी माहीत असलं की आपण ज्या घरात उभे आहोत ते उरलंय कसं हा प्रश्न आपोआप मनात येतो, आणि तो प्रश्न मनात असला की घर बघायला वेगळीच मजा येते.

आता तिकिटाचं. घर कोणाकडे आहे हे आधी बघा, कारण सगळी एका संस्थेची नसतात. बरीचशी नॅशनल ट्रस्टकडे आहेत, ही संस्था १८९५ ची, पण मोठी घरं तिच्याकडे यायला लागली ती १९३७ च्या कायद्यानंतर. काही इंग्लिश हेरिटेजकडे आहेत, उदाहरणार्थ राणी व्हिक्टोरियाचं ऑस्बोर्न हाऊस. आणि चॅट्सवर्थसारखी काही स्वतंत्र आहेत, तिथे नॅशनल ट्रस्टचं कार्ड चालत नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तिकीटखिडकीवर कार्ड पुढे करून मग तोंड पाडून पूर्ण तिकीट काढणारे आपले लोक मी बघितलेत. वर्षातून तीन-चार घरं होणार असतील तर मेंबरशिप घ्या, पार्किंगही त्यातच बहुतेक ठिकाणी सुटतं. आणि पहिल्या दिवशी तिकीट काढून आत गेलात आणि आवडलं, तर बाहेर पडायच्या आधी काउंटरवर विचारा की हे आजचे तिकिटाचे पैसे मेंबरशिपमध्ये वळते होतील का, बऱ्याचदा होतात.

अजून एक, गिफ्ट एड. नॅशनल ट्रस्टच्या तिकिटाचे दोन दर दिसतात, एक साधा आणि एक गिफ्ट एडवाला साधारण १० टक्के जास्त. तो जास्तीचा दर म्हणजे तुम्ही देणगी देताय आणि त्यावर संस्था सरकारकडून तुमच्या करातला भाग परत मागते, म्हणून तो फक्त इथे कर भरणाऱ्याने घ्यायचा. पाहुणे म्हणून आलेल्या आई-बाबांचं तिकीट साध्या दराने काढा. तुम्ही इथे कर भरत असाल तर स्वतःचं मात्र जरूर गिफ्ट एडने काढा, ते पैसे खरोखर छपरं दुरुस्त करायलाच लागतात.

जायच्या आदल्या दिवशी वेबसाइट बघाच आणि नीट बघा, कारण घराची वेळ वेगळी आणि बागेची वेगळी असते, बऱ्याच ठिकाणी बाग १० ला उघडते आणि घर ११ ला, शेवटची एंट्री बंद व्हायच्या तासभर आधी. काही घरं आठवड्यातून दोन-तीन दिवस बंदच असतात, खाजगी घरांत कधी लग्न असतं कधी शूटिंग, आणि वारा फार असला तर झाडं पडायच्या भीतीने बागसुद्धा बंद करतात. काही ठिकाणी घरासाठी वेळेचा स्लॉट आधी घ्यावा लागतो. गाडीने जात असाल तर शेवटच्या दोन-तीन मैलांत मोबाईलपेक्षा रस्त्यावरच्या तपकिरी पाट्यांवर विश्वास ठेवा. इस्टेट एवढी मोठी असते की पोस्टकोड टाकला की मोबाईल तुम्हाला मागच्या बंद फाटकावर किंवा कुठल्यातरी गोठ्यापाशी नेऊन सोडतो. ट्रेनने जात असाल तर परतीची टॅक्सी सकाळीच सांगून ठेवा, कारण अशा ठिकाणी नेटवर्क नसतं आणि रविवारी बसचा भरवसा नाही.

काय घालायचं, तर सपाट चपला-बूट. टोकदार टाचांना बऱ्याच घरांत सरळ मनाई असते, कारण संपूर्ण अंगाचा भार त्या एवढ्याशा टोकावर येतो आणि दोनशे-तीनशे वर्षांच्या लाकडी जमिनीला खळगे पडतात. पाठीवरची सॅक पुढे लावायला सांगतात किंवा लॉकरमध्ये ठेवायला, तेव्हा राग धरू नका, वळताना सॅकच्या धक्क्याने फुलदाणी जाते. सोबत पातळ रेनकोट, जूनमध्येसुद्धा. फोटो बहुतेक ठिकाणी चालतात पण फ्लॅश नाही आणि सेल्फी स्टिक नाही. लिहून घ्यायचं असेल तर पेन्सिल.

पोचल्यावर सगळे सरळ घराच्या दाराकडे जातात. तुम्ही तसं करू नका, आधी मागे फिरा आणि लांब जा, म्हणजे तळ्यापलीकडे किंवा पुलापर्यंत, जिथून घर पूर्ण दिसतं तिथपर्यंत. हे का ते सांगते. आपला वाडा आत बघतो, बाहेरून जाड भिंत आणि दिंडीदरवाजा, सगळं सौंदर्य आत चौकात, तुळशीपाशी. हे घर बरोबर उलटं आहे, ते बाहेर बघतं. मोठ्या खिडक्या, समोर हिरवळ, हिरवळीपलीकडे चरणाऱ्या मेंढ्या, मग पाणी, मग झाडांचे पुंजके, आणि घोडागाडीतून येणाऱ्या पाहुण्याला घर आधी दिसावं, मग झाडाआड जावं, मग एकदम समोर यावं असा रस्तासुद्धा मुद्दाम वळवलेला. केडलस्टनला तर बागेच्या दृश्यात येतं म्हणून आख्खं गाव हलवलं, फक्त चर्च तेवढं घराच्या कुशीत राहिलं. चॅट्सवर्थला केपेबिलिटी ब्राउन या बागा आखणाऱ्या माणसाने १७६० च्या दशकात टेकड्यांचे उतार नीट केले, झाडं लावली, आणि आज आपण ज्याला सुंदर निसर्ग म्हणतो तो मजुरांनी फावड्याने केलेला आहे.

लांबून बघताना एक गंमत शोधा. मेंढ्या घरासमोरच्या हिरवळीवर मोकळ्या चरताना दिसतात आणि मध्ये कुंपण दिसत नाही, तरी त्या घरापर्यंत येत नाहीत. जवळ चालत गेलात की कळतं, मध्ये खोल चर खणलेला असतो, घराच्या बाजूने उभी दगडी भिंत आणि मेंढ्यांच्या बाजूने गवताचा उतार, भिंतीचा माथा आपल्या हिरवळीच्या पातळीत असल्यामुळे घरातून तो चर दिसतच नाही. याला हा-हा म्हणतात. माझ्या आईने तो बघितला आणि काठावर उभं राहून पाचेक मिनिटं नुसती बघत राहिली, मग म्हणाली, "कुंपण आहे पण दिसू द्यायचं नाही, म्हणजे सगळी जमीन दारापासून क्षितिजापर्यंत आपलीच." मला वाटतं या घरांबद्दल इतकं नेमकं मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

मग घरात या. आत शिरल्यावर पहिली तक्रार अंधाराची असते, पडदे ओढलेले, बाहेर ऊन असूनसुद्धा. त्याचं कारण असं की उजेडाने रेशीम, गालिचे, जलरंगातली चित्रं उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही, नुकसान साठत जातं. म्हणून नाजूक कापडाला साधारण ५० लक्सच्या वर उजेड द्यायचा नाही असा दंडक आहे. दारात दोन मिनिटं थांबा, डोळे सरावतात. पूर्वी हिवाळ्यात तर घर झोपवायचे, म्हणजे सगळ्या सामानावर खोळी घालून, झुंबरं कापडात गुंडाळून, नोव्हेंबर ते मार्च बंदच. आता बरीच घरं थोडी थोडी वर्षभर उघडी असतात.

खुर्च्यांकडे बघा. काही खुर्च्यांवर एक वाळलेलं काटेरी बोंड ठेवलेलं दिसेल, टीझल नावाच्या झाडाचं, कुठे पाइनचा कोन. ती सजावट वाटते, पण अर्थ एवढाच की इथे बसू नका. ज्या खुर्चीवर बोंड नाही आणि खोलीतला माणूस हो म्हणतोय तिथे बसता येतं, बऱ्याच घरांत पाहुण्यांसाठी वेगळ्या खुर्च्या ठेवलेल्या असतात, आई-बाबांना बसवायचं असेल तर फक्त विचारा. हात मात्र कशालाही लावू नका, तळहाताचा घाम आणि तेल सोनेरी मुलाम्याला आणि कापडाला खातं. पण मुलांना हात लावायची फार हौस असेल तर "हात लावून बघायला काही नमुना आहे का" असं विचारा, कापडाचे, लाकडाचे तुकडे कधी कधी मुद्दाम ठेवलेले असतात.

आणि हे जे खोल्याखोल्यांत उभे असतात ते व्हॉलंटियर, हाच या दिवसातला सगळ्यात मोठा खजिना. बहुतेक निवृत्त माणसं, कोणी शिक्षक, कोणी इंजिनियर, पगार नाही, आठवड्यातून एक-दोन दिवस येतात आणि त्या एका खोलीबद्दल त्यांना इतकं माहीत असतं की विचारायची सोय नाही. पण ते आपणहून बोलत नाहीत, कारण पाहुण्याला त्रास नको. आपण बोलायचं. आपल्याकडची बरीच माणसं इंग्रजीच्या संकोचाने मान हलवून पुढे जातात आणि तिथेच सगळा दिवस फुकट जातो. तोडक्यामोडक्यात विचारलं तरी ते खूश होऊन सांगतात. मी प्रत्येक खोलीत एकच प्रश्न विचारते, हे रोज कोण करायचं? म्हणजे ही शेगडी कोण पेटवायचं, हे पाणी वर कोण आणायचं, या शंभर मेणबत्त्या कोण लावायचं. हा एक प्रश्न घेऊन जा, बाकी काही लक्षात नाही ठेवलंत तरी चालेल.

एक घर जरा सविस्तर सांगते, केडलस्टन हॉल, डर्बीजवळ, कारण आपल्या लोकांनी हे बघायलाच हवं असं माझं मत आहे. कर्झन घराणं इथे १२ व्या शतकापासून. आत्ताचं घर १७५९ च्या सुमाराला सुरू झालं, आधी दुसरे आर्किटेक्ट होते आणि मग रॉबर्ट अ‍ॅडमने सगळं हातात घेतलं. दारातून आत गेलं की मार्बल हॉल, गुलाबी छटेच्या अलाबास्टर नावाच्या दगडाचे २० खांब, वरून छपरातून येणारा उजेड, आणि त्याच्यामागे गोल घुमटाची खोली जिचा घुमट जमिनीपासून ६२ फूट. खिडक्यांऐवजी वरून उजेड का घेतला असेल हे तिथे उभं राहून बघा, भिंती पुतळ्यांसाठी मोकळ्या हव्या होत्या, रोमन मंदिरात शिरल्यासारखं वाटायला हवं होतं. हे राहायचं घर नव्हतंच मुळी, दाखवायचं होतं. घरातले लोक बाजूच्या एका पाखात, म्हणजे विंगमध्ये राहायचे, स्वयंपाकघर दुसऱ्या पाखात, आणि मधला हा मोठा भाग पाहुण्यांचे डोळे दिपवायला. मुळात चार पाखं बांधायची होती, दोनच झाली.

आता हे लक्षात ठेवा, कारण कलकत्त्याचं जुनं गव्हर्नमेंट हाऊस, जे नंतर राजभवन झालं, ते १८०३ मध्ये या केडलस्टनच्या नमुन्यावरच बांधलं आणि तिथे चारही पाखं पूर्ण झाली. म्हणजे डर्बीशायरमध्ये जे पैशाअभावी किंवा इच्छेअभावी अर्धं राहिलं ते कंपनीच्या राज्यात पूर्ण झालं. आणि त्याच कर्झन घराण्यातला मुलगा, लॉर्ड कर्झन, १८९९ मध्ये व्हाइसरॉय होऊन कलकत्त्याला गेला आणि स्वतःच्या घराच्या नकलेत राहिला. तोच ज्याने १९०५ मध्ये बंगालची फाळणी केली. आणि तोच ज्याच्या काळात १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा झाला, आणि परत येऊन त्याने बोडिअम आणि टॅटरशॉल हे दोन किल्ले विकत घेऊन दुरुस्त केले आणि मरताना नॅशनल ट्रस्टला देऊन टाकले. एकाच माणसात या दोन गोष्टी कशा मावतात यावर मी बाबांशी परतीच्या वाटेवर तासभर वाद घातलाय.

तळमजल्यावर ईस्टर्न म्युझियम आहे, त्याने आशियातून आणलेल्या वस्तूंचं, नजराणे, हस्तिदंत, शस्त्रं. केडलस्टनच्या संग्रहातला त्याच्या बायकोचा, मेरी कर्झनचा, मोराच्या पिसांच्या नक्षीचा ड्रेस बघायला मिळाला तर जवळ जाऊन बघा, १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी घातलेला. लांबून पिसं वाटतात, जवळ गेलं की कळतं सगळी जर आहे, आपल्या कारागिरांनी भरलेली, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात जे हिरवं चमकतं ते खड्याचं नाही, भुंग्याच्या पंखाचं कवच शिवलेलं आहे. तो ड्रेस जिचा तिचं नाव सगळ्यांना माहीत आहे आणि ज्यांनी भरला त्यांच्यातल्या एकाचंही नाव तिथे नाही. काचेसमोर उभं राहून आईने नुसते टाके मोजायचा प्रयत्न केला. ती स्वतः आयुष्यभर भरतकाम करत आलीये, तिला एका पिसाला किती दिवस लागले असतील याचा अंदाज होता आणि तिने तो मला सांगितला नाही, म्हणाली, "तुला खरं नाही वाटणार."

वरच्या खोल्यांमध्ये वेळ कमी लावा, खाली जास्त. बऱ्याच घरांत एक असं दार असतं जे भिंतीसारखंच रंगवलेलं असतं, कागदसुद्धा तोच, आणि त्यामागे नोकरांचा अरुंद जिना. खाली स्वयंपाकघर, भांडी घासायची खोली, दिवे पुसायची खोली, आणि बोळात वर ओळीने टांगलेल्या घंटा, प्रत्येक घंटेखाली खोलीचं नाव. घंटा वाजायची थांबली तरी स्प्रिंगवर हलत राहायची, म्हणजे धावत आलेल्या पोरीला कळायचं की कुठल्या खोलीत बोलावलंय. स्वयंपाकघर इतकं लांब का असा प्रश्न हमखास येतो, तर आगीची भीती आणि वास. जेवण मेजावर जाईपर्यंत गार व्हायचं ते चालायचं. नोकरमाणसांचीच गोष्ट ऐकायची असेल तर वेल्समध्ये रेक्सहॅमजवळ एर्डिग आहे, तिथल्या मालकांनी आपल्या नोकरांची चित्रं काढून घेतली, फोटो काढले आणि त्यावर कविता केल्या, आणि पाहुण्यांनाही सुतारशाळा, तबेला अशा मागच्या बाजूनेच आत नेतात. यंत्रांची आवड असेल तर नॉर्थम्बरलँडचं क्रॅगसाइड, तिथे १८७८ मध्ये पाण्यावर वीज करून घरात दिवा लावला होता. आमच्या घरी इंजिनियर असलेले सासरे क्रॅगसाइडहून निघायलाच तयार नव्हते.

खिडक्यांचंही बघा, बाहेरून काही खिडक्या विटांनी बुजवलेल्या दिसतात. १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता म्हणून बुजवल्या असं सगळे सांगतात, काही खरंच त्यामुळे, पण बऱ्याच मुळापासूनच खोट्या असतात, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. आणि पलंगाच्या पडद्यांवर फुलापानांचं छापील किंवा रंगवलेलं सुती कापड दिसलं तर थांबा, ते आपलं चीट. इंग्रजीतला चिंट्झ हा शब्द तिथूनच आलाय. त्याची इतकी क्रेझ झाली की इथल्या लोकर-रेशीमवाल्यांनी दंगे केले आणि १७२१ मध्ये कायद्याने ते वापरायलाच बंदी घातली, तरी श्रीमंत घरांत ते चोरून येतच राहिलं.

जेवण पटकन सांगते. टीरूमला साडेबारा ते दोन प्रचंड गर्दी असते, त्यामुळे एकतर पावणेबाराला जा नाहीतर अडीचला. स्कोन आणि चहा मात्र एकदा घ्याच. घरचा डबा न्यायला हरकत नसते, पार्कमध्ये कुठेही सतरंजी टाकता येते, फक्त आतल्या बागेत काही ठिकाणी चालत नाही ते विचारून घ्या आणि कचरा परत आणा.

दुपारी बाग. आधी भिंतीतली बाग शोधा, वॉल्ड गार्डन, ती बहुतेक घरापासून लांब, डोळ्याआड असते कारण तिथे खरं काम चालायचं, भाजी, फळं, फुलं. उत्तरेकडच्या भिंतीच्या ज्या बाजूला दिवसभर ऊन लागतं तिथे हात लावून बघा, इथे हात लावायला परवानगी आहे, संध्याकाळीसुद्धा वीट कोमट असते. पीचसारखी नाजूक फळझाडं त्या भिंतीला पंख्यासारखी पसरून बांधलेली असतात. काही भिंती आतून पोकळ असतात, त्यात धूर खेळवून भिंत तापवायचे. आणि अननस, जो या हवेत येणं शक्यच नाही, तो काचघरात शेणखत आणि चामडं कमवायच्या सालीच्या उबेवर वाढवायचे. एका अननसाला दोन-तीन वर्षं. आपल्याला शेणाची ऊब माहीत असते, त्यामुळे हे आपल्याकडच्या आजीला एका वाक्यात कळतं, इथल्या पोरांना अर्धा तास समजवावं लागतं.

बागेसाठीच जायचं असेल तर चॅट्सवर्थ, १०५ एकर बाग, पूर्ण दिवस फक्त बागेलासुद्धा पुरत नाही. तिथला एम्परर फाउंटन तिथल्या मुख्य माळ्याने, जोसेफ पॅक्स्टनने, १८४४ मध्ये केला, रशियाचा झार येणार म्हणून, आणि झार आलाच नाही. कारंजं जास्तीत जास्त ९० मीटर उडाल्याची नोंद आहे आणि त्याला पंप नाही. वर टेकडीवर ३५० फूट उंचावर आठ एकरांचं तळं खणलंय, तिथून पाइपने पाणी खाली येतं आणि त्याच दाबाने वर उडतं, बस. जायच्या आधी कारंजं चालू आहे का हे मात्र बघा, पाणी कमी असलं किंवा वारा असला की बंद ठेवतात. याच पॅक्स्टनने इथे केळी लावली होती, १८३५ मध्ये तिला फुलोरा आला, आणि मालकांच्या आडनावावरून त्या जातीला कॅव्हेंडिश नाव पडलं. जळगावकडच्या माणसाला सांगा, आपली बसराई म्हणजे बुटकी कॅव्हेंडिशच. त्याच वर्षी तिथल्या एका माळ्याला, जॉन गिब्सनला, आसाम-खासी टेकड्यांकडे ऑर्किड गोळा करायला पाठवलं होतं, १८३७ मध्ये तो शंभराहून जास्त जाती घेऊन परतला. ऱ्होडोडेंड्रॉनचे जे डोंगर मे महिन्यात इथल्या बागांमध्ये पेटतात तेही बरेचसे हिमालयातले, सिक्कीमचे, वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर १८४८ ते १८५० तिकडे फिरला होता आणि त्याने पाठवलेल्या बियांपासून खूप झाडं झाली. पाटीवर झाडाचं लॅटिन नाव वाचत जा, अधूनमधून "इंडिका" किंवा "सिक्किमेन्सिस" दिसतं आणि एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं होतं.

महिना निवडायची मुभा असेल तर फेब्रुवारीत स्नोड्रॉप, एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत झाडांखाली निळी ब्लूबेल, मे-जूनला ऱ्होडोडेंड्रॉन, जूनला गुलाब, ऑगस्ट-सप्टेंबरला डेलिया, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पानांचे रंग. सप्टेंबरमध्ये हेरिटेज ओपन डेज असतात, तेव्हा इंग्लंडमध्ये एरवी बंद असलेल्या किंवा तिकीट असलेल्या बऱ्याच जागा फुकट उघडतात, ती तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवा.

वयस्कर माणसं सोबत असतील तर दोन दिवस आधी फोन करा. जुन्या घरांत लिफ्ट बऱ्याचदा नसते, मुख्य मजल्यावर जायलाच बाहेरून पंचवीस पायऱ्या असतात, पण व्हीलचेअर, बागेत फिरायची बॅटरीची स्कूटर, पार्किंगपासूनची बग्गी हे पुष्कळ ठिकाणी असतं आणि आधी सांगितलं की राखून ठेवतात. आधाराला सोबत येणाऱ्या माणसाला नॅशनल ट्रस्टमध्ये तिकीट लागत नाही. मुलांना आधी तासभर मोकळ्या जागेत पळू द्या, मगच घरात न्या, आणि घरात त्यांना एक काम द्या, प्रत्येक खोलीत कुत्रा शोध, नाहीतर घड्याळं मोज, आणि बघा ती तुमच्यापेक्षा जास्त बघतात की नाही.

एक प्रश्न मात्र टाळू नका, पैसा कुठून आला. यॉर्कशायरचं हेअरवुड हाऊस सुंदरच आहे, आणि ते वेस्ट इंडिजमधल्या साखरेच्या, म्हणजे गुलामांच्या कष्टाच्या पैशावर उभं आहे. वेल्समधल्या पोविस कॅसलमध्ये क्लाइव्ह घराण्याने भारतातून आणलेला संग्रह आहे, त्यात टिपू सुलतानच्या तंबूचं कापडसुद्धा. नॅशनल ट्रस्टने २०२० मध्ये स्वतःच एक अहवाल काढला, त्यात त्यांच्याकडच्या ९३ जागांचा गुलामगिरीशी किंवा वसाहतींशी संबंध असल्याचं लिहिलंय. हा प्रश्न व्हॉलंटियरला विचारायला लाजू नका, भांडायच्या सुरात नको, साध्या सुरात. मला आजवर एकदाच कोणीतरी विषय बदलला, बाकी सगळ्यांनी नीट सांगितलं, एक आजोबा तर म्हणाले की तुमच्याकडून मला जास्त ऐकायचंय, आणि मग त्यांना जर म्हणजे काय, चीट म्हणजे काय हे आईने सांगितलं आणि मी भाषांतर केलं.

शेवटचा अर्धा तास परत घराकडे या, बहुतेक लोक तोवर गिफ्ट शॉपमध्ये असतात. खोल्या रिकाम्या होतात आणि व्हॉलंटियर एकेक खिडकी बंद करायला लागतात, लाकडी झडपा घडी उलगडून, मग आडवी लोखंडी पट्टी टाकून. केडलस्टनला एका बाईंनी आम्हाला थांबू दिलं होतं. खोलीतला उजेड एकेका खिडकीबरोबर कमी होत गेला, शेवटच्या झडपेच्या फटीतून एक पट्टा गालिच्यावर पडलेला राहिला, त्यांनी तो बघितला, परत गेल्या, झडप आणखी घट्ट दाबली, आणि मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, सावकाश या, पायरी आहे.